जॉर्ज गिप : चाहत्यांच्या स्मृतीतला खेळाडू आणि त्याचा काळ

अमेरिकेतील इंडियाना राज्यात साउथ बेंड या शहरालगत नोत्र दाम हे विख्यात कॅथलिक विद्यापीठ आहे. या विद्यापीठाचा फुटबॉलपटू जॉर्ज गिप दि. १४ डिसेंबर १९२० रोजी मरण पावला. त्या वेळी तो अवघा २५ वर्षांचा होता. त्याने व्यावसायिक खेळाडू म्हणून नाव कमावले नव्हते, आपल्या देशाचे प्रतिनिधित्वही केले नव्हते. तो होता केवळ एका महाविद्यालयीन संघाचा खेळाडू. तरीही शंभर वर्षे उलटून गेल्यानंतर त्याचे नाव अमेरिकेत घेतले जाते. त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेली पिढी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली. त्याला कधीही न पाहिलेल्या माणसांनी त्याची आठवण जिवंत ठेवली.

अकाली गेलेल्या तरुणाची आठवण समाज कशी जपतो, त्यात काय भर घालतो आणि काय गाळतो, याचे गिपचे चरित्र हे एक बोलके उदाहरण आहे. त्याचा खेळ, त्याचा काळ, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर त्याच्या नावाभोवती उभी राहिलेली दंतकथा यांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

खेळाचे स्वरूप

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडूचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉल निराळा. त्यात चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन धावता येते, सहकाऱ्याकडे फेकता येतो आणि पायाने मारताही येतो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. मैदानाची मुख्य लांबी १०० यार्ड असते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदून चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ‘टचडाउन’ होतो आणि त्याचे ६ गुण मिळतात.

गिपच्या काळी हा खेळ आजच्यापेक्षा रांगडा होता. आज चढाई करणारे खेळाडू वेगळे आणि बचाव करणारे वेगळे असतात. तेव्हा तेच ११ जण दोन्ही कामे करीत. डोक्यावर असलाच तर कातड्याचा टोप असे आणि तोही सक्तीचा नव्हता. चेंडू जमिनीवर सोडून तो उसळताच लाथ मारण्याच्या पद्धतीला ‘ड्रॉप किक’ म्हणत. तेव्हाचा चेंडू अधिक फुगीर असल्याने ही कला साधत असे. पुढे चेंडूचा आकार निमुळता झाला आणि ती जवळजवळ लोपली. धावणे, फेकणे, लाथाडणे आणि अडवणे या चारही अंगांत निपुण असलेला खेळाडू विरळाच. गिप तसा होता.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांमध्ये हा खेळ वाढला. १९२० साली व्यावसायिक संघांना फारशी प्रतिष्ठा नव्हती. दर शनिवारी होणारे महाविद्यालयीन सामने हाच खरा फुटबॉल, असे लोक मानीत.

नोत्र दाम आणि तिचे लोक

नोत्र दाम या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘आमची माता’. पवित्र मरियेला समर्पित असलेल्या या संस्थेची स्थापना होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली केली. पवित्र माळेच्या कौटुंबिक प्रार्थनेचे प्रचारक म्हणून आपल्याकडेही ज्यांचे नाव ठाऊक आहे, ते फादर पॅट्रिक पेटन याच संघाचे आणि याच विद्यापीठाचे पदवीधर.

अमेरिकेत त्या काळी प्रोटेस्टंट समाजाचे वर्चस्व होते. आयर्लंड, इटली, पोलंड इत्यादी देशांतून आलेले कॅथलिक लोक खाणींत, कारखान्यांत, गोद्यांमध्ये राबत आणि त्यांच्या देशनिष्ठेविषयी उघडपणे शंका घेतली जाई. कॅथलिक, ज्यू आणि कृष्णवर्णीय यांचा द्वेष करणारी कु क्लक्स क्लॅन ही संघटना १९२० च्या दशकात इंडियानामध्ये विलक्षण प्रबळ झाली होती. मे १९२४ मध्ये तर साउथ बेंडच्या रस्त्यांवर क्लॅनचे लोक आणि नोत्र दामचे विद्यार्थी यांच्यात चकमकी झाल्या.

अशा परिस्थितीत नोत्र दामच्या संघाने प्रतिष्ठित संस्थांच्या संघांना हरवणे ही कॅथलिक घरांमध्ये निव्वळ खेळातली बातमी राहत नसे. १९१३ साली वेस्ट पॉइंट येथे या लहानशा विद्यापीठाने अमेरिकन सैन्याच्या अकादमीचा संघ ३५-१३ असा हरवला, तेव्हा देशाचे लक्ष तिच्याकडे वळले. त्या विजयात चमकलेला एक खेळाडू म्हणजे क्नूट रॉकनी. नॉर्वेत जन्मलेले, लहानपणी शिकागोला आलेले आणि धर्माने लुथरन असलेले रॉकनी पुढे त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि फुटबॉलचे साहाय्यक प्रशिक्षकही झाले. गिपचे नाव त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे.

तांब्याच्या खाणींच्या मुलुखातून

जॉर्ज गिपचा जन्म दि. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला लॉरियम या गावी एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. सुपीरिअर सरोवरात शिरलेला हा भूभाग तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. फिनलंड, कॉर्नवॉल, इटली, क्रोएशिया अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेले मजूर तेथे एकत्र नांदत. हिवाळा दीर्घ आणि हिमवर्षाव भरपूर. गिप १८ वर्षांचा असताना, १९१३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, शेजारच्या कॅल्युमेट गावात संपकरी खाणकामगारांच्या मेळाव्यात आग लागल्याची खोटी आरोळी उठली आणि चेंगराचेंगरीत ७३ जण मरण पावले. त्यांत बहुसंख्य मुले होती. मरण अकाली येते, हे त्या मुलुखाला शिकवावे लागत नव्हते.

अभ्यासात गिपचे मन रमले नाही. बेसबॉल आणि बिलियर्ड्स यांत मात्र तो तरबेज होता. १९१६ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, तो नोत्र दाममध्ये दाखल झाला तोही बेसबॉल खेळण्याच्या हेतूने. मैदानाच्या कडेला तो सहज गंमत म्हणून चेंडूला लाथा मारीत असताना रॉकनींची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला फुटबॉलच्या सरावाला बोलावले, असे सांगितले जाते. त्याच वर्षी नवागतांच्या संघातर्फे खेळताना त्याने ६२ यार्डांवरून ड्रॉप किकने गुण मिळवला. क्रिकेटच्या जवळजवळ तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात, एवढे ते अंतर!

मैदानावरची वर्षे

१९१७ च्या हंगामात गिप मुख्य संघात आला; परंतु त्याच हंगामात त्याचा पाय मोडला. १९१८ साली रॉकनी मुख्य प्रशिक्षक झाले. ते वर्ष महायुद्धाचे आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीचे. अनेक सामने रद्द झाले. नोत्र दामला केवळ ६ सामने खेळता आले. त्यांपैकी ३ जिंकले, १ हरला आणि २ बरोबरीत सुटले.

त्यानंतरची दोन वर्षे मात्र सोन्याची ठरली. १९१९ मध्ये ९ पैकी ९ आणि १९२० मध्ये पुन्हा ९ पैकी ९ सामने नोत्र दामने जिंकले. हाफबॅक या जागेवर खेळणारा गिप या यशाचा कणा होता. दि. ३० ऑक्टोबर १९२० रोजी वेस्ट पॉइंट येथे सैन्य अकादमीविरुद्ध झालेला सामना त्याच्या कौशल्याचा कळस मानला जातो. मध्यंतराला नोत्र दाम १४-१७ असे पिछाडीवर होते. अखेरीस ते २७-१७ असे जिंकले. धावणे, फेकणे आणि लाथेने चेंडू दूर धाडणे या तिन्ही प्रकारांत त्या दिवशी गिप अजिंक्य ठरला. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांतील वार्ताहर तो सामना पाहत होते. त्यांच्या लेखणीतून त्याचे नाव देशभर गेले.

चेंडू घेऊन धावण्यात गिपने चार हंगामांत मिळून २,३४१ यार्डांची मजल मारली. नोत्र दामचा हा विक्रम १९७८ साली जेरोम हेवन्स याने मोडेपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ अबाधित राहिला.

गिपच्या काळी सामन्यांचे रेडिओवरून नियमित वर्णन सुरू झाले नव्हते. चलच्चित्रेही अगदी थोडी. ज्यांनी त्याला पाहिले, त्यांनी ते इतरांना तोंडी सांगितले. उरलेल्यांनी वर्तमानपत्रांत वाचले. एकदा पाहिलेला खेळ पुन्हा पाहून पडताळण्याची सोय नसे. त्यामुळे आठवण हीच नोंद ठरली.

मैदानाबाहेरचा गिप

गिप हा आदर्श विद्यार्थी नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो वर्गांना दांड्या मारी, सरावालाही नियमित येत नसे. साउथ बेंडमधील बिलियर्ड्सच्या अड्ड्यांवर आणि पत्त्यांच्या डावांत त्याच्या रात्री जात. पैजा लावून तो पैसे मिळवी आणि त्यावर गुजराण करी. उपलब्ध आठवणींनुसार तो स्वतःच्या संघाच्या सामन्यांवरही पैजा घेत असे.

मार्च १९२० मध्ये वर्गांतील अनुपस्थितीमुळे विद्यापीठाने त्याला काढून टाकले. त्या वेळी तो कायद्याचा अभ्यास करीत होता. अध्यक्ष फादर जेम्स बर्न्स हे शिक्षणाचा दर्जा उंचावण्यासाठी झटणारे धर्मगुरू होते. परंतु शहरातील व्यापारी आणि चाहते हळहळले, त्यांनी विनवण्या केल्या. इतर शिक्षणसंस्थांकडूनही गिपला बोलावणी येऊ लागली. एप्रिलच्या अखेरीस त्याला परत घेण्यात आले.

शिस्त मोठी की संघाचा विजय, हा प्रश्न तेव्हा एका कॅथलिक संस्थेपुढे उभा राहिला आणि निर्णय विजयाच्या बाजूने झुकला, हे नाकारता येत नाही. एखाद्या सामान्य विद्यार्थ्याला हीच सवलत मिळाली असती काय? आज खेळाडूंना प्रवेश आणि सवलती देणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला हा प्रश्न लागू पडतो. दुसरीकडे त्याचे सहकारी त्याच्या दिलदारपणाच्या आठवणी सांगत. जिंकलेले पैसे तो गरजूंना सहज देऊन टाकी, प्रसिद्धीचा त्याला कंटाळा होता, स्वतःबद्दल तो फारसे बोलत नसे, असे ते म्हणत. माणसाच्या ठायी गुणदोष असे शेजारी शेजारीच वास करतात.

शेवटचा नोव्हेंबर

दि. १३ नोव्हेंबर १९२० रोजी इंडियानापोलिस येथे इंडियाना विद्यापीठाविरुद्ध सामना झाला. गिपच्या खांद्याला जबर दुखापत झाली. तरीही तो पुन्हा मैदानात उतरला आणि पिछाडीवर पडलेला संघ १३-१० असा जिंकला. पुढच्या शनिवारी, दि. २० नोव्हेंबर रोजी, शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशी गाठ होती. हवा कडाक्याच्या थंडीची होती. जायबंदी गिप बाकावर बसून होता आणि नोत्र दामचा विजय जवळपास निश्चित होता. त्याला खेळवण्याची गरज नव्हती.

परंतु प्रेक्षक त्याला पाहण्यासाठी आले होते. त्याच्या नावाचा घोष सुरू झाला आणि तो थांबेना. अखेर शेवटच्या सत्रात रॉकनींनी त्याला मैदानात पाठवले. दुखऱ्या खांद्यानिशी त्याने चेंडू फेकून टचडाउन मिळवून दिले. नोत्र दाम ३३-७ असे जिंकले. लोक तृप्त होऊन घरी गेले. गिपचा हा अखेरचा सामना ठरला.

परतल्यावर थोड्याच दिवसांत त्याने अंथरूण धरले. घशात स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा संसर्ग झाला आणि त्यातून न्यूमोनिया बळावला. त्या गर्दीच्या आग्रहामुळेच तो आजारी पडला, असे वैद्यकीयदृष्ट्या म्हणता येणार नाही. जंतुसंसर्ग अन्यत्रही होऊ शकतो. पण जखमी आणि थकलेल्या मुलाला विश्रांतीची गरज होती आणि चाहत्यांना त्याचे दर्शन हवे होते, हेही तितकेच खरे. ज्या लोकांनी पुढे त्याची आठवण भक्तिभावाने जपली, त्याच लोकांच्या प्रेमाने त्याला त्या दिवशी बाकावरून उठवले होते.

मरणशय्या

साउथ बेंडमधील सेंट जोसेफ रुग्णालयात तो सुमारे तीन आठवडे मृत्यूशी झुंजला. आज ज्या संसर्गावर प्रतिजैविकांचा साधा उपचार पुरतो, त्यावर तेव्हा औषध नव्हते. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. आई इझाबेला लॉरियमहून येऊन उशाशी बसली होती. विद्यापीठात विद्यार्थी त्याच्यासाठी प्रार्थना करीत होते. त्याच दिवसांत विख्यात फुटबॉलतज्ज्ञ वॉल्टर कॅम्प यांनी निवडलेल्या देशातील सर्वोत्तम ११ खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव झळकले. नोत्र दामच्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता.

मृत्यूपूर्वी फादर पॅट्रिक हॅगर्टी यांनी गिपला सशर्त स्नानसंस्कार दिला. यापूर्वी स्नानसंस्कार झाला आहे किंवा नाही याची खात्री नसते, तेव्हा तो अशा रीतीने दिला जातो. हा संस्कार त्याच्या पूर्ण इच्छेने आणि शुद्धीत झाला काय, यावर पुढे वाद झाले. त्याच्या प्रोटेस्टंट नातलगांना ते मान्य नव्हते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या अंतःकरणात काय चालले होते, याचा निवाडा माणसांनी करायचा नसतो. त्याचे धर्मांतर हा कोणाच्या जयाचा वा पराजयाचा विषय करणे उचित नव्हे, एवढे मात्र म्हणता येईल.

दि. १४ डिसेंबर रोजी त्याची प्राणज्योत मालवली. हिमवर्षावात विद्यार्थ्यांनी शवपेटीसोबत पायी चालत रेल्वे स्थानक गाठले. उत्तरेच्या लांब प्रवासानंतर कॅल्युमेटजवळच्या लेक व्ह्यू दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

१९२८ : आठवणीला आलेला बहर

यानंतर आठ वर्षे गेली. रॉकनी आता देशातील सर्वांत नामवंत प्रशिक्षक झाले होते. १९२५ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. परंतु १९२८ चा हंगाम त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत निराशाजनक ठरत होता. त्या वर्षी संघ तब्बल ४ सामने हरला.

दि. १० नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बलाढ्य सैन्य अकादमीशी सामना होता. त्याच्या चारच दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. एका प्रमुख पक्षाचे पहिले कॅथलिक उमेदवार आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ दारुण पराभूत झाले होते. प्रचारात त्यांच्या धर्मावर चिखलफेक झाली होती आणि आपले स्वतःचे राज्यही त्यांना राखता आले नव्हते. शनिवारच्या त्या गर्दीतील कॅथलिक प्रेक्षक ही जखम घेऊन आले होते.

खेळाडूंच्या खोलीत रॉकनींनी गिपची गोष्ट सांगितली. मरताना गिपने आपल्याला विनंती केली होती की, कधी संघावर कठीण वेळ आली तर मुलांना सांगा, एक सामना माझ्यासाठी जिंका, असे त्यांनी खेळाडूंना सांगितले. मध्यंतराला सामना शून्य-शून्य होता. नंतर सैन्याने आघाडी घेतली. जॅक शेव्हिग्नीने बरोबरी साधली आणि जॉनी ओब्रायनने झेललेल्या चेंडूने १२-६ असा विजय मिळवून दिला. नोत्र दामचे माजी विद्यार्थी असलेले पत्रकार फ्रँक वॉलेस यांनी ही कहाणी न्यूयॉर्कच्या दैनिकात छापली आणि गिप दुसऱ्यांदा प्रसिद्ध झाला.

मैदान न पाहिलेले चाहते

या काळात नोत्र दामला एक अनोखा चाहतावर्ग लाभला. न्यूयॉर्कमधील ज्या कष्टकरी कॅथलिकांनी विद्यापीठाची पायरीसुद्धा चढली नव्हती, ते भुयारी रेल्वेने सामन्याला येत आणि स्वतःला त्या संस्थेचे मानत. त्यांना कौतुकाने ‘भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी’ म्हटले जाई. पुढे रेडिओ आला आणि शनिवारी दुपारी हजारो घरांत नोत्र दामच्या सामन्याचे वर्णन ऐकू येऊ लागले. धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना संघासाठी प्रार्थना करायला सांगणाऱ्या धर्मभगिनींच्या आठवणी अमेरिकन कॅथलिकांच्या कितीतरी घरांत सांगितल्या जातात.

या लोकांना गिप का आवडला? तोही खाणीच्या गावातला होता. घरी संपत्ती नव्हती, मोठ्या घराण्याचा वारसा नव्हता. मान मिळवण्यासाठी त्याच्यापाशी केवळ अंगचा गुण होता. ज्यांना समाजाने दाराबाहेर ठेवले होते, त्यांना त्याच्यात आपल्या मुलाचे रूप दिसले. त्याचे अकाली जाणे हे जणू त्यांच्या घरातले दुःख झाले. कारखान्यातून थकून आलेला बाप आपल्या मुलाला गिपची गोष्ट सांगे, तेव्हा तो फुटबॉलबरोबरच ‘आपणही या देशाचे आहोत’ हेही सांगत असे.

पडद्यावरचा गिप

रॉकनी यांनी १९३० साली एका लोकप्रिय साप्ताहिकात गिपची शेवटची विनंती स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. दि. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात विमान अपघातात त्यांचाही अंत झाला. १९४० साली त्यांच्या जीवनावर ‘क्नूट रॉकनी, ऑल अमेरिकन’ हा चित्रपट निघाला. त्यात गिपची छोटीशी भूमिका करणारा तरुण नट म्हणजे रोनाल्ड रेगन. रेगन १९८१ ते १९८९ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. गिपचे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले आणि त्यांनी ते राजकारणात हौसेने मिरवले. मार्च १९८१ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यातून बरे होताच मे महिन्यात त्यांनी नोत्र दामच्या पदवीदान समारंभात भाषण केले आणि गिपची कथा पुन्हा सांगितली. पुष्कळ अमेरिकनांच्या मनात गिपचा चेहरा म्हणजे रेगन यांचाच चेहरा होऊन बसला. खऱ्या जॉर्जची जागा अशा रीतीने एका नटाने घेतली.

दंतकथा आणि सत्य

गिपने खरोखर ती विनंती केली होती काय? १९२० ते १९२८ या आठ वर्षांत रॉकनी यांनी ती जाहीरपणे सांगितल्याचे आढळत नाही. खेळाडूंना चेतवण्यासाठी कल्पित गोष्टी सांगण्यात ते वाकबगार होते. १९२२ साली अटलांटातील सामन्यापूर्वी आपला लहान मुलगा गंभीर आजारी असल्याची तार त्यांनी वाचून दाखवली. संघ जिंकून परतला तेव्हा तोच मुलगा स्थानकावर हसत स्वागताला उभा होता, असे त्यांचे खेळाडू पुढे सांगत. जिवंतपणी ‘गिपर’ हे नाव जॉर्ज स्वतःसाठी वापरीत असे, यालाही आधार नाही. मरे स्पर्बर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या नोत्र दाम फुटबॉलविषयक ग्रंथात या दंतकथेची कागदपत्रांच्या आधारे चिकित्सा केली आहे.

मग ही सारी स्मृती खोटी म्हणून टाकून द्यायची काय? तसे नव्हे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणजे पुरे. गिपचा खेळ खरा होता, २,३४१ यार्ड खरे होते, बर्फात स्थानकापर्यंत चालत गेलेल्या विद्यार्थ्यांचे दुःख खरे होते. १९२८ च्या त्या शनिवारी हजारो अपमानित माणसांना मिळालेला दिलासाही खरा होता. त्याला साधुपुरुष ठरवण्यासाठी चिकटवलेली झालर तेवढी खरी नव्हती. आणि तिची गरजही नव्हती.

आपल्याकडेही एखादा तरुण अकाली गेला की शोकसभेत त्याचे गुणगान सुरू होते आणि ऐकणाऱ्या आईला प्रश्न पडतो, हा माझाच मुलगा काय? मृताविषयी वाईट बोलू नये, हे खरे. पण त्याला दुसराच कोणी करून टाकणे हेही त्याला दुसऱ्यांदा गमावणे आहे. दांड्या मारणारा, पैजा लावणारा, मित्रांसाठी खिसा रिकामा करणारा आणि चेंडू हाती येताच देहभान विसरून धावणारा जॉर्ज हा एकच माणूस होता. प्रेम करायचे तर त्या सगळ्यावर करावे लागते.

स्मृतीने मृताला शांततेत राहू दिले पाहिजे, हेही गिपच्या बाबतीत नेहमी पाळले गेले नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये पितृत्वाच्या एका जुन्या शंकेचे निरसन करण्यासाठी त्याची कबर उघडण्यात आली. मृत्यूनंतर ८६ वर्षांनी त्याच्या अवशेषांची तपासणी झाली आणि ती शंका निराधार ठरली.

स्मरणखुणा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान-दालनात गिपचा समावेश १९५१ साली, पहिल्याच तुकडीत झाला. १९३० च्या दशकात लॉरियम गावाने त्याच्या स्मरणार्थ दगडी स्मारक उभारले. ज्या शाळेत त्याने अभ्यासाकडे पाठ फिरवली, त्या कॅल्युमेटच्या शाळेत उत्तम खेळाडूला त्याच्या नावाचे पारितोषिक दिले जाऊ लागले. दि. १४ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली, तेव्हा योगायोगाने जग पुन्हा एका साथीच्या विळख्यात होते आणि रुग्णालयांत तरुण माणसे श्वासासाठी झगडत होती.

मोठ्या शहरांनी गिपची कहाणी सांभाळली, गावाने त्याची कबर सांभाळली. कहाणीत तो ‘गिपर’ असतो, विजयासाठी उपयोगी पडणारा. तेथे बर्फाखाली मात्र तो इझाबेलाचा मुलगा जॉर्ज आहे. आता त्याच्याकडून कोणाला सामना जिंकून घ्यायचा नाही. आपल्या मृतांची आठवण काढताना ती दुसऱ्या नावाने निघावी, हे बरे.